गोरखचिंचेचा भाष्यकार : मिशेल आदान्साँ

झाडांवरून गावांची नावे पडावीत ही आपल्या मुलखाची जुनी रीत आहे. चिंचवड, पिंपळे, वडगाव ही नावे आज आपण कारखान्यांच्या पाट्यांवर आणि बसच्या फलकांवर वाचतो. त्यांत अजूनही चिंच, पिंपळ आणि वड उभे आहेत. झाडाने गावाला नाव द्यावे हे आपल्याला स्वाभाविक वाटते. माणसाने झाडाला नाव द्यावे, आणि ज्याच्या नावे ते झाड ओळखले जाते त्यानेच तो मान नाकारावा, ही गोष्ट मात्र विरळा. गोरखचिंचेच्या बाबतीत ती घडली आहे.

गोरखचिंच ही खरी चिंच नव्हे. चिंच शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुळातली, तर गोरखचिंच आपल्या काटेसावरीच्या जवळची. तिच्या फळातला गर आंबट, म्हणून लोकांनी तिला चिंच म्हटले. आणि गोरक्षनाथांनी या झाडाखाली बसून शिष्यांना उपदेश केला अशी परंपरा सांगतात, म्हणून ती गोरखची चिंच झाली. हिंदीत गोरख इमली, गुजरातीत रूखडो, कानडीत दोड्ड हुणसे म्हणजे मोठी चिंच, अशी तिची नावे आहेत. जगाच्या बाजारात तिला बाओबाब म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत मात्र ती ॲडन्सोनिया डिजिटाटा या नावाने नोंदलेली आहे. डिजिटाटा म्हणजे बोटांसारखी. कारण तिचे एक पान म्हणजे हाताच्या पंजासारखी पाच ते सात पर्णिकांची रचना असते. आणि ॲडन्सोनिया हे नाव ज्याच्यावरून आले तो मिशेल आदान्साँ हा अठराव्या शतकातला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ. त्याच्या आयुष्याची ही कहाणी आहे.

आपल्याकडे ही झाडे फार नाहीत, पण जी आहेत ती विसरता येत नाहीत. वसईच्या किल्ल्यात त्यांची अजस्र खोडे आहेत. मुंबईच्या राणीच्या बागेत ती आहेत. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातले 'हातियाँ का झाड' हत्तीच्या कळपाएवढे भासते. त्याच्या बुंध्याचा घेर सुमारे २७ मीटर आहे. माळव्यातील मांडूगडावर तर हे झाड इतके रुळले, की तिथे फळांचा गर प्रवाशांना विकायला ठेवतात आणि त्याला मांडूची चिंचच म्हणतात. हे सारे पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो : हे झाड असे का आहे? झाडाच्या मानाने खोड इतके जाड, फांद्या इतक्या आखूड आणि वर्षातले कितीतरी महिने अंगावर पान नाही. जणू कोणी झाड उपटून मुळे वर करून रोवले आहे. हाच प्रश्न दोनशे सत्तर वर्षांपूर्वी एका बावीस वर्षांच्या तरुणाला पडला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

मिशेल आदान्साँचा जन्म ७ एप्रिल १७२७ रोजी दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी झाला. इकडे तेव्हा थोरल्या बाजीरावाची कारकीर्द ऐन भरात होती. पुढच्याच वर्षी पालखेडची मोहीम व्हायची होती. मिशेलचे वडील एका आर्चबिशपच्या पदरी होते. धन्याची पॅरिसला बदली झाली तेव्हा हे कुटुंबही राजधानीत आले. मिशेल लहानखुरा, पण बुद्धीने तल्लख. शाळेत त्याने बक्षिसे मिळविली. त्याची चमक पाहून नीडहॅम नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला एक सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिले. जुन्या ग्रंथकारांनी जे लिहिले ते त्याने वाचलेच होते. आता त्यांनी जे पाहिले नाही ते पाहण्याचे साधन हाती आले. चमकदार मुलाने धर्मोपदेशक व्हावे, निश्चित उत्पन्नाची जागा पटकवावी, अशी घरच्यांची अपेक्षा होती आणि तशी सोयही झाली होती. मिशेलने ती सोडून दिली.

पॅरिसच्या राजोद्यानात त्या वेळी बेर्नार द ज्युसिए हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होता. रेओम्यूर हा कीटकांचा आणि उष्णतामापनाचा अभ्यासकही त्याच शहरात होता. आदान्साँ या दोघांच्या हाताखाली तयार झाला. उद्यानात दूरदूरच्या देशांतून आलेली हजारो झाडे लावलेली होती. पण कुंडीतले झाड पाहून त्याचे समाधान होईना. जे झाड जिथे वाढते तिथे जाऊन, ते ज्यांच्या दारात आहे त्या माणसांना विचारून, ते शिकले पाहिजे असे त्याला वाटू लागले.

जायचे कुठे? अमेरिका, हिंदुस्थान, चीन इकडे इतर लोक गेले होते. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल मात्र अस्पर्श होता. कारण तिथली हवा जीवघेणी समजली जाई आणि गेलेला गोरा माणूस तापाने परत येत नसे. आदान्साँने तेच ठिकाण निवडले. प्रवासाला पैसा नव्हता. तेव्हा त्याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीत कारकुनाची नोकरी धरली. १७४९ च्या मार्चमध्ये जहाज निघाले आणि एप्रिलच्या अखेरीस तो सेनेगल नदीच्या मुखावरील सें-लुई या ठाण्यावर उतरला.

कंपनीतल्या कारकुनाचे जिणे आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगायला नको. पाळी करून सकाळच्या तासाला येणारे, परीक्षेच्या आदल्या रात्रीही कामावर जाणारे मित्र आपल्या वर्गांत आहेत. आदान्साँचे तसेच होते. पगार तुटपुंजा, घरून मागवलेला पैसा अपुरा, वरिष्ठांना त्याच्या पाल्यापाचोळ्यात रस नाही. आणि तरीही सुमारे साडेचार वर्षांत त्याने तिथली झाडे, शिंपले, मासे, पक्षी, किडे, खनिजे जमवली, वर्णिली, रेखाटली. हवामानाच्या नोंदी ठेवल्या, नकाशे काढले. वाळू इतकी तापे की बुटांचे तळवे करपून जात. तरी भटकंती थांबली नाही. एका मांगुर जातीच्या माशाला हात लावताच झिणझिण्या येतात, हे पाहून त्याने तो धक्का त्या काळी नव्यानेच ठाऊक झालेल्या विजेच्या धक्क्याशी ताडून पाहिला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याने तिथल्या लोकांची वोलोफ भाषा शिकून घेतली आणि तिचे शब्द टिपून ठेवले. पुष्कळ गोरे लोक तिथे वर्षानुवर्षे राहिले होते. झाडाला तुम्ही काय म्हणता, हे विचारायचे त्यांना सुचले नव्हते.

सें-लुईजवळ सोर नावाचे बेट आहे. तिथे तो हरणांच्या शिकारीला म्हणून गेला होता. वाटेत त्याने गोरखचिंचेचे झाड पाहिले आणि शिकार जागच्या जागी राहिली. दोन्ही हात पसरून त्याने बुंध्याला कवळ घालायला सुरुवात केली. तेरा कवळा झाल्या तेव्हा फेरा पुरा झाला. मग दोरी लावून मोजले. घेर भरला ६५ फ्रेंच फूट, म्हणजे आजच्या मापाने सुमारे २१ मीटर. उंची मात्र त्या मानाने बेताचीच. या विसंगतीने तो झपाटला गेला. पुढे सेनेगलमध्ये जिथे जिथे हे झाड दिसले तिथे तिथे त्याने ते मोजले, फुलाफळांची चिरफाड केली, मुळे शोधली.

या झाडाची रचना समजून घेतली की त्याचे बेढब रूप शहाणपणाचे वाटू लागते. ज्या प्रदेशात पाऊस वर्षातून तीन-चार महिनेच पडतो, तिथे ते वाढते. त्याचे लाकूड हे नेहमीसारखे लाकूड नव्हेच. ते मऊ, तंतुमय आणि पाण्याने भरलेले असते. ओल्या लाकडाच्या वजनात पाण्याचा वाटा तीन चतुर्थांशापर्यंत जातो. हे पाणी पेशींमध्ये दाबून भरलेले असते म्हणूनच इतके मऊ खोड ताठ उभे राहते. कोरड्या दिवसांत खोड किंचित आकसते, पावसाळ्यात पुन्हा फुगते. पाऊस संपला की झाड पाने टाकून देते. पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी वाचते. मग पानांवाचून झाड जगते कसे? त्याच्या सालीच्या वरच्या थराखाली हिरवा थर असतो, आणि तो थोडेफार अन्न तयार करीत राहतो. साठवलेले पाणी झाड उन्हाळाभर उधळत नाही. पावसाच्या तोंडावर नवी पालवी फोडायला ते कामी येते. साल सोलून नेली तर इतर झाड मरेल. गोरखचिंचेला पुन्हा साल येते. तोडल्याच्या, जाळल्याच्या जखमा ती भरून काढते.

तिची फुले पांढरी, मोठी, लांब देठांवर खाली लोंबणारी. ती संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी कोमेजतात. ही वेळ भुंग्या-फुलपाखरांची नाही, वटवाघळांची आहे. फळे खाणारी वटवाघळे मधासाठी या फुलांवर येतात आणि परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. फूल लांब देठावर मोकळे लोंबते ते या उडत्या पाहुण्याला जागा मिळावी म्हणून. मग मखमली लव असलेले, कठीण कवचाचे फळ धरते. त्यात ओलसर गर नसतो. पांढरट, कोरडा, पिठासारखा गर असतो आणि त्यात मूत्रपिंडाच्या आकाराच्या कडक बिया रुतलेल्या असतात. फळ महिनोन्महिने नासत नाही. हत्ती, माकडे, माणसे ते खातात आणि बी दूरवर पोचवतात.

आदान्साँने झाड पाहिले तसे झाडाखालचे जीवनही पाहिले. सेनेगलचे लोक या झाडाची पाने सावलीत वाळवून त्यांचे पीठ करीत. त्याला ते लालो म्हणत आणि रोजच्या जेवणात घालीत. आपल्याकडे शेवग्याच्या पाल्याला जे स्थान आहे तेच. फळाचा गर पाण्यात कालवून आंबट पेय करीत. सालीच्या तंतूंचे दोर वळीत. फळाच्या कवचाची भांडी होत. पोकळ झालेल्या जुन्या खोडांचा उपयोग तर नाना तऱ्हेचा. आफ्रिकेच्या काही कोरड्या भागांत, विशेषतः सुदानच्या कोर्दोफानमध्ये, अशा पोकळ खोडांत पावसाचे पाणी भरून ठेवण्याची रीत होती. झाड म्हणजे गावाची टाकी. सेनेगलमध्ये ग्रियो नावाचे गायक-कथेकरी असत, आपल्या गोंधळ्या-शाहिरांसारखे. त्यांना जमिनीत पुरले तर पीक बुडेल, अशी समजूत होती. म्हणून त्यांचे देह या झाडांच्या पोकळ खोडांत ठेवीत आणि ते तिथे वाळून जात. आदान्साँने हेही नोंदवून ठेवले.

स्वतःवरही त्याने प्रयोग केला. तापाच्या दिवसांत तो या झाडाच्या पानांचा काढा नेमाने घेत असे. बरोबरीचे गोरे लोक आजारी पडत असताना आपण टिकलो याचे श्रेय त्याने या काढ्याला दिले. ते श्रेय आज आपण देणार नाही. हिवताप डासांतून पसरतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ साली दाखवून दिले आणि त्यावरची औषधे निराळी आहेत. पण लोक जे खातात-पितात ते आधी स्वतः घेऊन पाहावे, मग त्यावर लिहावे, ही त्याची वृत्ती लक्षात घेण्याजोगी आहे. या झाडाच्या अन्नगुणांबद्दल तर लोकांचा अनुभव खराच होता. गरात क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते, पानांत आणि गरात चुना भरपूर असतो. २००८ साली युरोपीय संघाने वाळलेल्या गराला अन्न म्हणून मान्यता दिली आणि सेनेगलच्या आज्यांचे पेय लंडनच्या दुकानांत पुड्यांतून विकले जाऊ लागले. आपल्या देशातही पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी याची वाळकी फळे जाळ्यांना तरंगा म्हणून बांधीत. ज्याला जसा उपयोग सुचला तसा त्याने करून घेतला.

आदान्साँला सर्वांत अधिक गाजवले आणि सर्वांत अधिक अडचणीत आणले ते झाडाच्या वयाच्या हिशेबाने. वेर्द भूशिराजवळ मादलेन नावाची लहान बेटे आहेत. तिथल्या गोरखचिंचांवर युरोपीय खलाशांनी आपली नावे कोरलेली त्याला सापडली. त्यांतली काही पंधराव्या-सोळाव्या शतकांतली होती. दोनशेहून अधिक वर्षे गेली, तरी अक्षरे फारशी पसरली नव्हती. याचा अर्थ नावे कोरली तेव्हाच झाड जुने होते आणि नंतर त्याचा घेर फार सावकाश वाढला. लहान झाडांची वाढ आणि जुन्या झाडांची वाढ यांची तुलना करून त्याने कोष्टक मांडले आणि तीस फूट व्यासाच्या झाडाचे वय पाच हजार दीडशे वर्षे ठरविले. युरोपात खळबळ उडाली. कारण बायबलाच्या हिशेबाने जलप्रलयच त्याच्या आसपासचा होता. पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टननेही या आकड्यावर आक्षेप घेतला.

आकडा चुकलाच होता. या झाडाची वर्तुळे भरवशाची नसतात, आणि अनेक खोडे एकत्र जुळून एकच मोठे झाड दिसते, हे त्याला ठाऊक नव्हते. अलीकडे कार्बन पद्धतीने केलेल्या मापनात झिंबाब्वेमधील पांके नावाच्या झाडाचे वय सुमारे २४५० वर्षे निघाले. पाच हजार नव्हे, पण गौतम बुद्धांच्या काळाच्या जवळ जाण्याइतके. म्हणजे झाड हजारो वर्षे जगू शकते हा आदान्साँचा मूळ विचार खरा ठरला. दुःखाची गोष्ट ही, की ते झाड २०१० च्या सुमारास कोसळले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आफ्रिकेतील सर्वांत जुन्या तेरा गोरखचिंचांपैकी नऊ झाडे त्याआधीच्या बारा वर्षांत मेली किंवा त्यांचे सर्वांत जुने भाग पडले. आपल्याकडेही २०२२ साली मुंबईत सांताक्रूझला मेट्रो मार्गाच्या कामात एक जुनी गोरखचिंच तोडली गेली.

या चरित्राची एक काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. आदान्साँ ज्या कंपनीचा नोकर होता ती कंपनी माणसांचा व्यापार करीत होती. सेनेगलचे किनारे आणि गोरे हे बेट गुलामांच्या वखारींसाठी कुप्रसिद्ध होते. ज्या लोकांनी त्याला झाडांची नावे सांगितली त्यांचेच बांधव त्या जहाजांत भरले जात होते. त्याच्या विद्येला त्या कंपनीचे अन्न लागले, ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. आणि या झाडाचा आपल्याशी संबंधही समुद्रावरच्या अशाच वाहतुकीतून आला असावा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखविले, की हिंदुस्थानातली गोरखचिंच आफ्रिकेतूनच आली, आणि ती एकदा नव्हे तर अनेकदा, आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून आली. अरब व्यापारी, पोर्तुगीज जहाजे, दख्खनच्या सुलतानांच्या पदरी आलेले हबशी शिपाई यांच्याबरोबर तिच्या बिया आल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. आपले घर तोडून आणलेल्या माणसाने कमरेला चार बिया बांधून आणाव्यात आणि त्यांची पुढे वसईला, गोवळकोंड्याला झाडे व्हावीत, हे चित्र मनातून जात नाही. गोरक्षनाथांचे नाव देऊन आपल्या लोकांनी त्या परक्या झाडाला घरातले करून घेतले.

आदान्साँ १७५४ च्या सुरुवातीस पॅरिसला परतला. १७५७ साली सेनेगलचा निसर्गेतिहास प्रसिद्ध झाला. त्यात प्रवासवृत्तान्त आणि शिंपल्यांचे वर्णन होते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्याला जागा मिळाली. १७६१ साली, म्हणजे आपल्याकडे पानिपत झाले त्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले, आणि त्याच वर्षाच्या अकादमीच्या खंडात बाओबाबवरचा त्याचा प्रसिद्ध निबंध आहे. त्याआधीच, गुरू ज्युसिएच्या सूचनेवरून, स्वीडनच्या लिनियसने या झाडाला ॲडन्सोनिया हे नाव देऊन टाकले होते. लिनियस म्हणजे त्या काळचा वनस्पतिशास्त्राचा सार्वभौम राजा. त्याने नाव द्यावे यासारखा सन्मान नव्हता.

आदान्साँने तो स्वीकारला नाही. १७६३ साली त्याचा 'वनस्पतींची कुळे' हा ग्रंथ निघाला, त्यात त्याने झाडाचे नाव बाओबाब असेच ठेवले. हे नाव प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने कैरोत ऐकून १५९२ साली नोंदले होते. वोलोफ लोक झाडाला आणि फळाला काय म्हणतात तेही आदान्साँने लिहून ठेवले. ज्या लोकांच्या दारात झाड वाढते त्यांनी त्याला नाव दिलेले असताना, पॅरिसमधल्या माणसाचे नाव त्याला चिकटवण्याचे कारण काय, अशी त्याची भूमिका होती. हा केवळ विनय नव्हता. आपल्या ग्रंथात त्याने देशोदेशीची मूळ नावे मुद्दाम वापरली. मलबारच्या वनस्पतींवरील व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याच्या ग्रंथातून त्याने अनेक मलबारी नावे उचलली. त्या ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्य-पंडितांनी नागरी लिपीत साक्षपत्र लिहून दिले होते, हे आपल्याला अभिमानाने आठवावे असे आहे. सोपे शुद्धलेखन हाही त्याचा ध्यास होता. जसा उच्चार तसे लिहावे म्हणून त्याने आपली फ्रेंच वेगळ्याच पद्धतीने लिहिली आणि त्यामुळे वाचक बिचकले.

'वनस्पतींची कुळे' या ग्रंथाचे मोल फार मोठे आहे. लिनियस झाडांची वर्गवारी फुलातील पुंकेसर-स्त्रीकेसर मोजून करीत असे. ती सोपी होती, पण तिने नात्यातली झाडे दूर जात आणि परकी झाडे एकत्र येत. आदान्साँने म्हटले, एकाच खुणेवरून नाते ठरवू नका. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी, सगळ्या खुणा पाहा. ज्यांच्या बहुतेक खुणा जुळतात ते एका कुळातले. हे पटवण्यासाठी त्याने एकेका खुणेवर आधारलेल्या पासष्ट वेगवेगळ्या वर्गवाऱ्या मांडून पाहिल्या आणि प्रत्येक अपुरी कशी पडते ते दाखविले. शेवटी त्याने वनस्पतींची अठ्ठावन्न कुळे ठरविली. माणसाला जात किंवा आडनाव या एका खुणेवरून जोखण्याची सवय असलेल्या आपल्या समाजालाही हा धडा परका नाही. त्या काळी मात्र लिनियसची सोपी पद्धत जिंकली.

इथून त्याच्या आयुष्याची उतरण लागली. सगळ्या खुणा पाहायच्या, तर सगळ्या वस्तूही पाहायला हव्यात, असे त्याच्या मनाने घेतले. केवळ वनस्पती नव्हेत, तर प्राणी, खनिजे, भाषा, सगळी सृष्टी एका क्रमात लावणारा महाकोश रचण्याचा संकल्प त्याने सोडला. १७७४-७५ च्या सुमारास त्याने अकादमीपुढे हा आराखडा मांडला : सत्तावीस मोठे खंड, दोन लाख शब्दांचा कोश, चाळीस हजार चित्रे. पाहणारे थक्क झाले. कागदांचे ढीग खरोखरच होते. पण त्यातले पुष्कळसे इतरांच्या ग्रंथांतून उतरवलेले होते. नेमलेल्या समितीने सल्ला दिला, की तुमचे स्वतःचे शोध तेवढे वेगळे काढून छापा. सल्ला शहाणपणाचा होता. आदान्साँला तो अपमान वाटला. सगळे छापीन, नाहीतर काहीच नाही, असा हट्ट त्याने धरला आणि काहीच छापले गेले नाही.

या हट्टाची किंमत घरानेही मोजली. १७७० साली त्याचे लग्न झाले होते, १७७५ साली अग्लाए ही मुलगी झाली. पण कागदांत बुडालेल्या माणसाबरोबर संसार टिकला नाही आणि पती-पत्नी विभक्त झाली. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. पेन्शन बंद झाले, १७९३ मध्ये अकादमीही बरखास्त झाली, त्याच्या प्रयोगाच्या बागेची नासधूस झाली. सत्तरीकडे झुकलेला हा माणूस कित्येकदा विस्तवाशिवाय आणि दिव्याशिवाय राहिला. १७९५ साली नवी राष्ट्रीय विद्वत्सभा स्थापन झाली आणि तिने त्याला सन्मानाने बोलावले. आपण येऊ शकत नाही, कारण पायांत घालायला जोडा नाही, असे त्याने कळविल्याची हकीकत त्याचे चरित्रकार सांगतात. सरकारने मग त्याला थोडे निवृत्तिवेतन दिले. तापलेल्या वाळूत बूट करपेपर्यंत चाललेल्या माणसाच्या उतारवयात जोड्याचीच वानवा व्हावी, हा दैवदुर्विलास म्हणायचा. तरी तो शेवटपर्यंत आपल्या महाकोशाचे कागद लिहीत राहिला.

३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. त्याने आपल्या मृत्युपत्रात एकच मागणी केली होती : आपण ठरविलेल्या अठ्ठावन्न कुळांतल्या फुलांची एक माळ शवपेटीवर घालावी, दुसरा कसलाही थाट नको.

त्याच्या मागे काय राहिले? मुलगी अग्लाए हिने बालेन येथे मोठे वृक्षोद्यान उभारले. ते आजही आहे. त्याच्या हस्तलिखितांचा मोठा भाग १९६० नंतर अमेरिकेतील पिट्सबर्गच्या हंट वनस्पतिग्रंथालयात गेला आणि अभ्यासकांना खुला झाला. योगायोग असा, की १९५७ पासून गणकयंत्रांच्या साहाय्याने जिवाणूंचे आणि वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या शास्त्रज्ञांनी नेमकी त्याचीच रीत हाती घेतली होती : पुष्कळ खुणा मोजा आणि एकूण साम्यावरून गट पाडा. त्यांनी आदान्साँला आपला पूर्वज मानले. हाताने ज्याचा डोंगर उपसताना एक माणूस थकून गेला, ते काम यंत्राला काही तासांचे झाले.

असे पाहिले तर त्याचे यश आणि अपयश एकाच गुणातून आले. काहीही वगळायचे नाही, हा तो गुण. सोर बेटावर त्याच्यासमोर एक झाड होते. पान, फूल, साल, घेर, वय, नाव, त्याचा लोकांना होणारा उपयोग, त्यातले काहीही त्याने वगळले नाही, म्हणून आजही त्या निबंधाशिवाय गोरखचिंचेचा अभ्यास सुरू होत नाही. पुढे त्याने एकदम सगळी सृष्टी समोर घेतली आणि तीच वृत्ती त्याला बुडवून गेली. गोरखचिंच स्वतः असे करीत नाही. कोरडे दिवस आले की ती सारी पाने टाकून देते, जवळ असलेले पाणी राखते आणि पालवीची वेळ आली की ते तिथेच खर्च करते.

आपला भाग आता झाडांनी नव्हे, चिमण्यांच्या धुराने आणि पाळ्यांच्या भोंग्याने ओळखला जातो. चाकणपासून चिंचवडपर्यंतच्या रस्त्याला नवी झाडे लावली जातात, आणि पुष्कळदा ज्यांना फारसे पाणी लागत नाही अशा झाडांची निवड करण्याची चर्चा होते. गोरखचिंच कमी पावसाचे, मोठ्या आयुष्याचे झाड आहे. मोकळी जागा आणि शंभर वर्षांची सबुरी असेल तर ती लावावी. पण त्याआधी आपल्या गावच्या शिवारात जे झाड उभे आहे त्याच्याकडे आपल्यापैकी कोणी आदान्साँसारखे जावे. त्याला कवळ घालून त्याचा घेर मोजावा, ते कधी फुलते आणि त्यावर कोण येते हे टिपावे, आणि शेजारच्या म्हातारीला विचारावे, की आजी, याला तुम्ही काय म्हणता आणि याचे काय काय करता? कंपनीतून सुटल्यावर हे करायला एक संध्याकाळ पुरते. आणि जे हाती लागेल तेवढे, अपुरे वाटले तरी, लिहून पुरे करून छापायला द्यावे.